पट्टीताईची बॅग

मी एक जुनी बॅग आहे. जाड निळ्या रेक्झिनची, खांद्याला लावायची, दोन्ही बाजूंना कप्पे असलेली. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी काही एखाद्या राजाची तलवार नाही की जिची हकीगत ऐकून तुमच्या अंगावर रोमांच यावेत. माझ्या पोटात आयुष्यभर काय होतं, तर पट्ट्या, कापूस, कात्री, बर्फाच्या पिशव्या आणि पोरींनी घाईघाईत कोंबलेले घामट मोजे. तरी ऐका. हे कधीतरी सांगायलाच हवं होतं, आणि हल्ली माझी चेन अडकायला लागली आहे.

माझा जन्म झाला तो एका सीटकव्हर शिवणाऱ्याच्या दुकानात. बसच्या सीटांसाठी आणलेल्या रेक्झिनचा एक तुकडा उरला होता. दुकानदारांनी त्याला सहा महिने कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक मागायचं, तर "तो नाही, तो ठेवलाय" म्हणायचे. त्यांना एकुलती एक मुलगी होती. ती चार वर्षं शिकून पदवीधर होणार होती आणि तिच्यासाठी मी शिवली जाणार होते.

कसली पदवी, हे मात्र त्या बिचाऱ्या बाबांना धड सांगता यायचं नाही. शेजारचा चाव्या बनवणारा विचारायचा, "मुलगी डॉक्टर झाली का हो?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही रे बाबा. खेळणाऱ्या पोरापोरींची काळजी घेते."

"म्हणजे मैदानावर पाणी देते?"

बाबा वैतागून मशीन जोरात चालवायचे. माझ्या पट्ट्याची शिवण एवढी पक्की आहे ती त्या वैतागामुळेच. खरं तर चाव्यावाल्याचं अगदीच चुकत नव्हतं, पाणीही द्यावंच लागतं. पण या शिक्षणातलं मुख्य काम निराळं असतं. खेळाडूने पडू नये म्हणून आधी झटायचं, पडलाच तर सगळ्यात पहिलं धावायचं, आणि पडलेला माणूस परत कधी खेळेल हे ठरवायचं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड. ते मला फार उशिरा कळलं. ताईलाही.

पदवीच्या दिवशी बाबा मला मांडीवर घेऊन सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. मुलीचा काळा झगा तिच्यापेक्षा वीतभर लांब होता. नाव पुकारल्यावर ती पायरीवर अडखळली आणि सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला तिच्या खांद्यावर अडकवलं आणि एकेक कप्पा उघडून दाखवला. "हा पट्ट्यांचा. हा ओला, बर्फासाठी, आत प्लास्टिक लावलंय. हा बाटल्यांचा. आणि याच्यामागे हा बारका कप्पा, तुझ्या कार्डांसाठी." तिने पदवीचा कागद गुंडाळून माझ्यातच ठेवला. मित्रांनो, मला असा काही मान मिळाला की मी आठवडाभर फुगूनच होते.

ताईला नोकरी मिळाली ती एका कॉलेजात, मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर. मैदानाला लागून पत्र्याची एक लांबट खोली होती. आत एक उंच टेबल, एक बेसिन, बर्फाची पेटी आणि खिळ्याला मी. पहिल्या आठवड्यात कुणी आत फिरकलंच नाही. पोरींना वाटलं, ही बाई आपल्याला खेळू देणार नाही. मग एकीचा घोटा मुरगळला. ताईने तिचा पाय मांडीवर घेतला आणि अशी काही पट्टी बांधली की पोरगी उभी राहून म्हणाली, "अय्या, हा पाय माझाच आहे ना?" दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग. तेव्हापासून ताईचं नाव पट्टीताई पडलं आणि माझं 'पट्टीताईची बॅग'. संघाचे प्रशिक्षक सर होते, त्यांचा प्रश्न मात्र कायम एकच: "ताई, पोरगी धावेल ना? तेवढंच सांगा."

ताई डोळ्यांत तेल घालून काम करायची. कोण पाणी कमी पितं, कोण दुखणं लपवतं, कुणाच्या बुटाची टाच एका बाजूने झिजली आहे, सगळं तिच्या वहीत. पोरी तिला घरच्या कटकटी सांगायच्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी टेबलावर पाय सोडून रडायच्या. मी खिळ्यावरून सगळं ऐकायचे. माझ्याइतकी गुपितं त्या कॉलेजात कुणालाच ठाऊक नसतील.

आता त्या कार्डांचं सांगते.

डोक्याला मार बसला की बाहेरून काही दिसत नाही. रक्त नसतं, सूज नसते, पोरगी दोन पायांवर उभी असते. पण आत मेंदू हादरलेला असू शकतो. तो हादरलेला असताना दुसरा धक्का बसला, अगदी बारकासा का होईना, तर होत्याचं नव्हतं होतं. म्हणून ताई पाच शब्द वाचून दाखवायची. मग इकडचं तिकडचं विचारायची, एका पायावर उभं करायची, आणि पाच मिनिटांनी तेच पाच शब्द परत म्हणायला सांगायची. मेंदू हादरलेला असेल तर शब्द निसटतात. मग खेळ बंद, आणि डॉक्टर सांगतील तोवर घरी विश्रांती. हंगाम सुरू होतानाही सगळ्यांची ही परीक्षा व्हायची, म्हणजे पुढे ताडून बघता येतं. शब्द आधीपासून माहीत असले तर या परीक्षेला काडीचा अर्थ नाही. म्हणून ताईने सहा कार्डं लिहिली होती, प्रत्येकावर वेगळे शब्द. दर वेळी कार्ड बदलायचं, हा तिच्या शिक्षणातला पहिला धडा.

दुसऱ्या वर्षी माझ्या कप्प्यात स्पिरिटची बाटली सांडली. झाकण सैल होतं हे खरं, पण दोन कप्प्यांमधलं माझं अस्तर विरलं होतं हेही तितकंच खरं. पाच कार्डांवरची शाई पसरून नुसते निळे डाग उरले. सहावं वाचलं. ताईने ते खिडकीत वाळवलं आणि म्हणाली, "उद्या नवी लिहू." दुसऱ्या दिवशी सामना होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघींचे गुडघे सोलवटले होते. तुम्ही गृहपाठाला उद्या म्हणता ना, तसाच तो उद्या. तो तीन वर्षं आला नाही.

त्या एका कार्डावर होतं: चमचा, सायकल, ढग, दोरी, लिंबू.

पोरी काय बहिऱ्या होत्या? दोनच हंगामांत अख्ख्या संघाला ते शब्द पाठ झाले. एकदा सामना जिंकून परत येताना बसमध्ये त्यांनी टाळ्यांवर धरलं, "चमचा! सायकल! ढग! दोरी! लिंबू!" एक उठून नाचायला लागली. "ताई, तुमची कविता आम्हाला तोंडपाठ आहे हं!" ताई पुढच्या सीटवर मला मांडीवर घेऊन बसली होती. ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीसुद्धा हसले असते, हसता येत असतं तर. शिकलेली, हुशार, जीव लावणारी बाई, आणि आपण काय ऐकतो आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

जी उठून नाचली तिला सगळे भिंगरी म्हणत. सतरा वर्षांची, किडकिडीत, पायात चेंडू आला की गरकन वळायची आणि समोरच्या दोघी एकमेकींवर आपटायच्या. तिच्या घरी आई आणि ती, दोघीच. आई इस्पितळात चादरी धुवायच्या कामाला. भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे संघाची गोलरक्षक, आडव्या बांध्याची, अबोल. तिचं नाव भिंत. एक जागेवर टिकत नव्हती आणि दुसरी जागची हलत नव्हती, तरी दोघी सतत बरोबर.

त्या वर्षी शनिवारच्या सामन्याला मोठ्या संघासाठी मुली निवडायला माणसं येणार होती. आणि मंगळवारी सरावात उंच चेंडूसाठी उडी मारताना भिंगरीचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. आवाज खोलीपर्यंत आला. ताई धावली, तिला हाताला धरून आणलं आणि टेबलावर बसवलं.

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"मळमळतंय? अंधारी येते?"

"छे हो ताई! चांगली ठणठणीत आहे मी."

ताईने माझ्या बारक्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि सावकाश वाचलं. भिंगरीने डोळे मिटून लक्ष दिल्याचं सोंग केलं. पाच मिनिटांनी तिने पाचही शब्द क्रमाने, न चुकता म्हटले. मित्रांनो, गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने म्हटले असते. मग ताईने तिला एका पायावर उभं केलं. भिंगरी डोलली. टेबलाला हात लावून सावरली.

"काय गं?"

"घोटा, ताई. मागच्या महिन्यात तुम्हीच नाही का बांधलेला!"

ते खरं होतं, ताईनेच बांधला होता. ताई हातात पेन धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. घाई नव्हती. सामना चालू नव्हता, सर ओरडत नव्हते, बाहेर ऊन उतरलं होतं. ती नवं कार्ड लिहू शकली असती, पाच शब्दांना किती वेळ लागतो? पण वहीत पाचपैकी पाच लिहिलेले होते. तिने त्या पाचावर विश्वास ठेवला. "बरं, जा. पण काही वाटलं तर लगेच सांगायचं."

"शप्पथ!" भिंगरी म्हणाली आणि ताईला मिठी मारून गेली.

बुधवारी ताई बर्फ आणायला गेली होती. भिंगरी आणि भिंत खोलीत आल्या. भिंगरीने आल्या आल्या खिडकी लावून घेतली.

"उजेड खुपतोय ना?" भिंत म्हणाली. "काल तू ओकलीस. आज सकाळी पण. अगं, ताईला सांगू या."

"वेडी आहेस का? ती बसवेल मला घरी."

"मग बसायचं."

"शनिवारी ती माणसं येणारेत. पुढच्या वर्षी परत येतील का? आईने त्या दिवसाची सुट्टी मागून घेतलीये. तिने आजवर माझा एकही सामना बघितला नाही." भिंगरीने तिचा हात घट्ट धरला. "तीनच दिवसांचा प्रश्न आहे. नंतर मी स्वतः सांगते ताईला. तुला माझी शपथ आहे, तोंड उघडलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

शेवटी भिंतीने होकारार्थी मान हलवली. ताई बर्फ घेऊन आली तेव्हा दोघी मोज्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, ताकास तूर लागू दिली नाही.

मी खिळ्याला लटकले होते, हातभर अंतरावर. मला सगळं कळलं होतं. माझ्या पोटात कात्री होती, डबे होते, पण मला साधं खळकन वाजताही येत नव्हतं. ताईने मला उचलून बर्फाच्या पिशव्या भरल्या, माझ्यावर हात फिरवला आणि चेन लावली. मी तेव्हा जितकी तडफडले तितकी कधी तडफडले नाही.

शनिवारी भिंगरीची आई पहिल्या रांगेत बसली होती. कामावरून थेट आलेली, हातांना साबणाच्या पाण्याच्या सुरकुत्या. शेजारणीला सांगत होती, "ती सात नंबरची, ती माझी." पूर्वार्धात भिंगरी खेळली, पण तिच्यासारखी खेळली नाही. दोनदा मोकळी जागा सोडून गर्दीत शिरली. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "हिला आज झालंय तरी काय?" ताई उभी राहिली. तिला काहीतरी खटकलं होतं. तिने मला खांद्याला लावलं आणि कडेकडेने भिंगरीच्या बाजूला चालायला लागली.

आम्ही पोचलो नाही. लांबून आलेला एक साधा चेंडू भिंगरीच्या डोक्याच्या बाजूला लागला. जोरात नाही. असे चेंडू ती हसत झेलायची. ती दोन पावलं चालली, हात वर केला, जणू कुणाला हाक मारते आहे, आणि खाली बसली. मग आडवी झाली.

ताई अशी धावली की मी तिच्या खांद्यावरून निसटून चिखलात पडले. पुढचं मी जमिनीवरून पाहिलं. ताईने तिचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं होतं आणि ती "भिंगरी, माझ्याकडे बघ" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. सर रुग्णवाहिकेला ओरडून बोलावत होते. भिंगरीची आई कुंपणावरून चढून आली. तिची चप्पल कुंपणातच अडकून राहिली. भिंत गोलातून पळत आली आणि ताईसमोर गुडघ्यावर पडून ओरडली, "ती मंगळवारपासून ओकत होती ताई! मला माहीत होतं! मला माहीत होतं!"

गाडी गेली. मैदान रिकामं झालं. मी तशीच उघडी पडले होते. मैदान राखणारे काका आले, त्यांनी माझ्यातला चिखल काढला आणि मला खोलीत नेऊन ठेवलं.

भिंगरी वाचली. डोक्याचं ऑपरेशन झालं, अकरा दिवस ती बेशुद्ध होती, आणि मग तिने डोळे उघडले. कॉलेजात चौकशी बसली. मोठं टेबल, पाच-सहा माणसं, त्यात एक डॉक्टरीणबाई. ताईने मला मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "मंगळवारी पाचपैकी पाच? कुठली यादी वापरली होती?"

सर घाईघाईने म्हणाले, "मॅडम, पोरीनेच लपवलं, तिची मैत्रीण सांगेल."

ताईने ठोकून दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिने माझी चेन उघडली, ते कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. कडा मऊ पडलेल्या, एका कोपऱ्यात निळा डाग. "हीच यादी. तीन वर्षं मी हीच एक वापरली. सगळ्या संघाला ती पाठ आहे. मला ठाऊक होतं की पाठ आहे. मी हसले होते."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "ताई, हे सांगायची काय गरज होती?"

"होती," ताई म्हणाली.

तिला कुणी काढण्याआधी तिनेच राजीनामा दिला. पण घरी जाण्याआधी ती मला घेऊन भिंगरीच्या घरी गेली. आईने दार अर्धंच उघडलं.

"आता काय बांधायला आलात?" आई म्हणाली. आईचा आवाज चढला नाही, उलट बसला. "काल डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि परत म्हणायला लावले. माझी पोर म्हणते कशी, चमचा, सायकल, ढग, दोरी, लिंबू. ते म्हणाले, हे नाहीत, बाळा. ती परत तेच. रडली, पण तेच. सांगा ना, कुठून आणलेत हे शब्द? काय शिकवलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

दार लागलं. ताई त्या पायरीवरच बसली आणि माझ्यावर तोंड टेकून रडली. माझ्या रेक्झिनमधून पाणी झिरपत नाही, बाबांनी तशी काळजी घेतली होती. तरी ते मला आतपर्यंत जाणवलं.

मग माझे उपेक्षेचे दिवस आले. बाबांच्या घरी कपाटावर मी पडून राहिले. माझ्यावर धूळ साचली, पट्ट्यांचा चिकटपणा वाळून खडखडीत झाला. ताई दुकानात हिशेबापुरती बसायची आणि बाकी वेळ छताकडे बघायची. बाबा बोलके नव्हते. पाच महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला खाली काढलं, उलटं केलं, विरलेलं अस्तर फाडून काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं.

"हे बघ. इथे कापड कमी पडलं म्हणून मी जुनं लावलं होतं. म्हटलं, कोण बघतंय! त्यातूनच सांडलं ना ते?"

"बाबा, तुमचा काय संबंध?"

"आहे. कबूल करतो. आता नवं लावतोय." त्यांनी सुई ओवायला तिच्याकडे दिली, कारण त्यांना दिसत नव्हतं. "तूही लाव."

दुसऱ्या दिवसापासून ताई भिंगरीच्या घरी जायला लागली. आई रोज दार लावायची. ताई पायरीवर अर्धा तास बसून परत यायची. अठराव्या दिवशी आई म्हणाली, "उन्हात बसू नका. आत या." क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही.

आत भिंगरी पडदे ओढून बसलेली असायची. अर्धं पान वाचलं की डोकं फुटायला यायचं. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, मग चिडून वस्तू फेकायची आणि लगेच रडायची. वळताना तोल जायचा. ताई तिला कॉटला धरून चालायला शिकवायची, आज चार पावलं, उद्या पाच. एकदा भिंगरी मध्येच थांबली. "ताई, मी खोटं बोलले तुमच्याशी."

"मी पण ते ऐकून घेतलं," ताई म्हणाली. "चल, पाचवं पाऊल."

मग ताईने तिला एक काम दिलं. रोज पाच शब्द शोधायचे आणि कोऱ्या कार्डावर लिहायचे. मेंदूला व्यायाम, असं ताई म्हणाली. एका कार्डाला आठवडा आठवडा लागायचा. अक्षर तिरकं, रेघ सोडून वर चढलेलं. वर्षभरात माझ्या नव्या कप्प्यात चाळीस कार्डं झाली.

कॉलेजने ताईला परत बोलावलं, कारण दुसरं कुणी टिकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या संघाला जमिनीवर बसवलं आणि आपली चूक जशीच्या तशी सांगितली. एकाही पोरीने मान वर केली नाही.

त्याच हंगामाचा शेवटचा सामना. भिंतीचं कॉलेजातलं अखेरचं वर्ष, आणि आता निवडीची माणसं तिला बघायला आली होती. बरोबरी चालली होती, सतरा मिनिटं उरली होती. चेंडू अडवताना भिंतीचं डोकं खांबाला घासून गेलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चेंडू अडवला होता, टाळ्या पडत होत्या. ती उभी राहिली, खेळ सुरू झाला. मग तिने एक हात वर केला आणि गोल सोडून आपणहून चालत आमच्या बाकाकडे यायला लागली.

सर ओरडले, "अगं, कुठे चाललीस? जा परत! काय झालंय तुला?"

ती ताईसमोर येऊन थांबली. "ताई, मला दोन दोन चेंडू दिसतायत." तिने डोक्याला हात लावून दाखवला. "कार्ड काढू नका. काही विचारू नका. मला खेळवू नका." तिने हातमोजे ओढून काढले आणि स्वतः माझ्यात टाकले. ताईने चेन लावली.

दुसरी गोलरक्षक नव्हती. बचावातल्या एका मुलीला उभं केलं. आम्ही चार गोलांनी हरलो. निवडीची माणसं वही मिटून निघून गेली. कुणीतरी मागून "भित्री" म्हणालं, ते आम्ही तिघींनी ऐकलं. भिंत ताईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती आणि ताई दर थोड्या वेळाने तिचे डोळे तपासत होती. ते ओले हातमोजे माझ्या पोटात होते, चिखलाचे, अजून गरम. इतक्या वर्षांत मी जे जे वाहिलं, त्यात मला सगळ्यात जड तेच वाटले.

तीन आठवड्यांनी भिंत बरी झाली. पुरती बरी झाली, धावते, पुस्तक वाचते. मोठ्या संघात मात्र ती कधीच गेली नाही.

मित्रांनो, माझं आता फारसं काही उरलं नाही. ताईजवळ नवे पदवीधर शिकायला येतात, त्यांच्याजवळ चांगल्या हलक्या बॅगा असतात. ते मला हातात घेऊन बघतात आणि परत खिळ्याला लावतात. तुमच्याकडे मागणं एकच. तुमची काळजी घेणारं माणूस विचारेल, "दुखतंय का?" तेव्हा खरं सांगा. आणि तुमची मैत्रीण सांगत नसेल, तर तुम्ही जाऊन सांगा. ती चिडेल, चार दिवस अबोला धरेल, शपथा घालेल. घालू दे. मला सगळं ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

भिंगरी आता चोवीस वर्षांची आहे. सरावाच्या वेळी ती कधीकधी मैदानावर येते, टोपी डोळ्यांवर ओढून माझ्या शेजारी बाकावर बसते. पोरी चेंडू घेऊन गरकन वळल्या की तिचे पाय बाकाखाली हलतात. पण तो गलका तिला फार वेळ सोसत नाही. वीस मिनिटं झाली की आई येते आणि तिला हाताला धरून घरी घेऊन जाते.